अर्ध्या तासाने बरी होणारी जीप



आमच्या जीपला वरंध घाटात बंद पडायची सवय लागली होती. ती सवय सुटायला जवळजवळ वर्ष गेलं. त्या वर्षात मी काय काय बदललं आणि शेवटी काय निघालं, ते आज सांगणार आहे. ज्यांच्या दारात अशी एखादी म्हातारी गाडी उभी आहे, त्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

गाडी म्हणजे उंच नाकाची, पेट्रोलवरची जुनी जीप, सीजे-थ्री-बी. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीजच्या जीपा जोडायला सुरुवात केली. त्याच घराण्यातली ही पुढची पिढी. हिचं बॉनेट एवढं उंच का, असं मुलं विचारतात. ती उंची इंजिनासाठी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी उभे असत. अमेरिकेत १९५३ साली थ्री-बी आली, तिच्यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला आणि एक्झॉस्ट खालीच ठेवला. इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेट उचलावं लागलं. चार सिलिंडर, २.२ लिटर, बोअर ७९ मिलिमीटर आणि स्ट्रोक तब्बल १११. एवढा लांब स्ट्रोक असल्यामुळे इंजिन पळत नाही, पण खालच्या गिअरमध्ये बैलासारखं ओढतं. म्हणूनच घाटात ते बंद पडायला लागलं तेव्हा मला जास्त लागलं. सपाटीवर रडली असती तर समजून घेतलं असतं.

मी भोरचा, शाळामास्तर. सासुरवाडी महाडची. महिन्या-दीड महिन्याने वरंध घाटातून जाणं-येणं. महाडकडे उतरताना कधी काही झालं नाही. परतताना मात्र वरंध गाव मागे पडलं, चढ लागला, की वाघजाईच्या देवळाच्या तीन-चार वळणं खाली गाडी आधी हिसके द्यायची, मग कार्बोरेटरमधून दोन-तीनदा खोकायची आणि गप्प. सेल्फ मारून मारून बॅटरी दमायची. मग कठड्यावर बसायचं. अर्ध्या तासाने चावी फिरवली की पहिल्या फटक्यात सुरू, आणि भोरपर्यंत कुरकूर नाही.

पहिला निकाल मीच दिला: पेट्रोलची वाफ होते. या इंजिनाचा पेट्रोल पंप यांत्रिक आहे. आत एक पडदा, कॅमशाफ्ट त्याला ढकलतो, आणि पडदा टाकीतून पेट्रोल ओढून वर कार्बोरेटरला देतो. हा पंप इंजिनाच्या कुशीला असतो आणि एक्झॉस्टही त्याच बाजूला. चढावर सगळं तापलं की पाइपात पेट्रोल उकळतं, वाफ धरते, आणि पंप नुसती वाफ चघळत बसतो. यावरचा उपाय जुन्या ड्रायव्हरांना पाठ असतो: पंपावर ओलं फडकं. मी कॅन घेऊन खालच्या वळणावरच्या झऱ्यावर गेलो, पाणी आणलं, फडकं भिजवून पंपावर ठेवलं. गाडी सुरू झाली! आणखी काय पुरावा हवा? पुण्याच्या नाना पेठेतून नवा पंप आणून बसवला.

पुढच्या खेपेला गाडी त्याच वळणावर बंद.

मेहुणा बरोबर होता. तो म्हणाला, "भावजी, कॉइल. गरम झाली की दम तोडते, गार झाली की परत नीट." हेही खोटं नाही. कॉइलच्या आतल्या तारेच्या गुंडाळीचं इन्सुलेशन जुनं झालं की तापल्यावर वीज आतल्या आत पळते आणि प्लगला ठिणगी मिळत नाही. त्याने जुन्या गाडीतली कॉइल आणली होती. पाने शोधा, वायरी सोडवा, क्लॅम्पचा गंजलेला बोल्ट ढिला करा, असं करत करत ती बसवली. गाडी सुरू! महिनाभर मी भेटेल त्याला सांगत होतो की दोष कॉइलचा होता. महिन्याने परत तेच वळण. मग कंडेन्सर बदलला, पॉइंट बदलले, फिलर गेजने २० थाऊची फट जुळवली. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. गाडी आयडलिंगला शिवणाच्या मशिनीसारखी गोड चालायला लागली आणि घाटात नेमाने बंद पडत राहिली.

तेव्हा मला शोध लागला की हे फक्त महाडला पेट्रोल भरलं की होतं. भोरला मी मास्तरच्या ऐपतीप्रमाणे पाच लिटर, सात लिटर घालायचो, तेव्हा काही होत नसे. महाडला सासरेबुवा निघताना बरोबर येऊन टाकी गळ्यापर्यंत भरून देत. त्यांचा तो मान होता. म्हणजे तिथल्या पेट्रोलमध्येच काहीतरी आहे! मी पेट्रोल भरायचा पंप बदलला. मग दुसरा बदलला. या दोन निरपराध पंपवाल्यांबद्दल मी गावभर काय बोललो, ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

भोरमध्ये एक वयस्कर मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. शेवटी गाडी त्यांच्या दारात नेली. मला वाटलं, ते बॉनेट उघडतील. ते स्टुलावर बसून राहिले आणि म्हणाले,

"मास्तर, बंद पडताना विझते का खोकते?"

मला प्रश्न कळला नाही. त्यांनी फोड केली. ठिणगी गेली तर इंजिन दिवा घालवल्यासारखं एकदम जातं, पण पेट्रोल कमी पडलं तर घोट घोट करत, अडखळत, खोकत मरतं. मी म्हटलं, खोकते.

"मग कॉइलला कशाला गेलात?"

दुसरा प्रश्न: "हे सुरू व्हायच्या आधी शेवटचा हात कशाला लावला होता?" मी ठामपणे म्हटलं, कशालाच नाही. ते लक्षात ठेवा.

मग त्यांनी डिपस्टिक ओढून तेल बोटावर घेतलं. तेलात पाणी शिरलं असेल तर ते ताकासारखं पांढुरकं दिसतं आणि हेड गॅस्केट उडालं का, हे बघावं लागतं. पावसाळ्यात रोज जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली मात्र नुसत्या दमटपणाचाही पांढरा फेस धरतो. तेवढ्यावरून हेड उतरवायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. आमचं तेल काळं, पण स्वच्छ. चारही प्लग काढले, त्यांची टोकं बिस्किटाच्या रंगाची. काजळी नाही, तेल नाही, भाजल्याचा पांढरेपणाही नाही. मग प्लगच्या भोकात गेज लावून एकेका सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेतलं. चारही आकडे जवळजवळ सारखे. एखादा कमी निघाला असता तर त्या भोकात चमचाभर ऑइल घालून परत मोजलं असतं. आकडा चढला तर रिंगा गेल्या. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह नाहीतर गॅस्केट. त्याची गरज पडली नाही.

"इंजिन तुमच्यापेक्षा तंदुरुस्त आहे," चाचा म्हणाले. "पुढच्या वेळी मला न्या. भजी खायला."

वाघजाईच्या भज्यांसाठी माणसं वाट वाकडी करून येतात, तेव्हा त्यांनाही दोष नाही. गेलो. येताना सासऱ्यांनी टाकी भरली. चढ लागला. चाचा शेजारी डोळे मिटून. एका वळणावर माझ्या सीटखालून 'डब्ब' असा आवाज आला. तो नेहमीच यायचा. खाली जॅक हलतो, अशी माझी समजूत होती. चाचांनी डोळे उघडले. पुढच्या वळणावर हिसके, खोकला आणि शांतता.

मी सवयीने कॅन उचलला. त्यांनी हात धरला. "पाणी नंतर. आत्ता मेलीय, आत्ताच बघायचं. अर्ध्या तासाने बरी झाल्यावर काय बघणार?"

आधी ठिणगी. डेल्कोच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या, टोपीतून कॉइलची मधली वायर उपसून तिचं टोक ब्लॉकपासून पाव इंचावर धरलं, मी सेल्फ मारला. टचटच निळी, जाड ठिणगी. वायर परत खोचली. नंतर पेट्रोल. हा क्रम त्यांनी मुद्दाम सांगितला: सांडलेल्या पेट्रोलजवळ ठिणगी काढणारे मिस्त्री लवकर रिटायर होतात. कार्बोरेटरचा पाइप सोडून बाटलीत धरला, सेल्फ मारला. धार यायला हवी होती, पण दोन थेंब आणि फेस आला. पंप तर नवा होता.

चाचा बॉनेट सोडून मागे आले आणि त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं.

लांब श्वास घेतल्यासारखा फुस्सकन आवाज झाला. कुकरची शिट्टी काढली की वाफ बाहेर पडते, इथे हवा आत ओढली गेली. पाठोपाठ सीटखाली परत तोच 'डब्ब'. पाइप जोडला, दोनदा सेल्फ मारला आणि गाडी सुरू झाली. घड्याळात पाच मिनिटंही झाली नव्हती. पंप तापलेलाच, कॉइल तापलेलीच, पेट्रोल महाडचंच.

टाकीतून जेवढं पेट्रोल जातं तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला श्वासाची वाट असते. आमच्या झाकणाला ती नव्हतीच. आधीच्या मालकाने पेट्रोलचोरांच्या भीतीने कुलपाचं झाकण आणून बसवलं होतं, ते साफ बंद. टाकी अर्धी रिकामी असली तर आतली हवा भरपूर. त्यातून दोन-तीन लिटर पेट्रोल गेलं तरी फारसा फरक पडत नाही. गळ्यापर्यंत भरलेल्या टाकीत हवेचा बोळा तो केवढा! तेवढंच पेट्रोल गेलं की तो ताणला जातो, दाब उतरतो, माझ्या सीटखालच्या टाकीचा पत्रा आत बसतो. तोच माझा 'जॅक'. पंप ओढून ओढून थकतो. शिवाय दाब कमी झाला की पेट्रोल लवकर उकळतं, तेव्हा वाफेचा माझा संशय अगदीच वाऱ्यावरचा नव्हता. थांबलो की झाकणाच्या कडेने हवा झिरपत झिरपत आत जायची आणि अर्ध्या तासात गाडी बरी.

अर्ध्या तासात. झऱ्यावर जाऊन पाणी आणायला लागायचा अर्धा तास. कॉइल बदलायलाही अर्धा तास. तेवढा वेळ मी गाडीशेजारी उभा राहून हरिपाठ म्हटला असता तरी गाडी सुरू झाली असती आणि त्याचं श्रेय मी हरिपाठाला दिलं असतं.

पण ते झाकण तर मी गाडी घेतली तेव्हापासून होतं. मग आधीची तीन वर्षं गाडी घाट कशी चढली? चाचांनी झाकण उलटं करून माझ्यापुढे धरलं. आत नवा कोरा रबरी वायसर. कापलेल्या कडेवर माझ्याच ब्लेडची खूण.

आमच्या घरातून तक्रार होती की घाटातून आलं की साडीला पेट्रोलचा वास येतो. म्हणून झाकणातला सडका वायसर काढून मी पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचा नवा कापून घातला होता. वास गेला. दुरुस्ती म्हणून ती माझ्या मनात नोंदलीच गेली नव्हती, म्हणून चाचांना 'कशालाच हात लावला नाही' असं मी खुशाल सांगितलं. आधीच्या मालकाची चूक आणि तो सडका वायसर एकमेकांना सांभाळून होते. मी त्यातला एक धडधाकट केला आणि जोडी फुटली.

झाकणाला सरळ भोक पाडू का, असं विचारल्यावर चाचांनी माझ्याकडे वर्गातल्या ढ मुलाकडे बघावं तसं बघितलं. सरळ भोकातून चढावर पेट्रोल उसळून बाहेर येणार आणि खाली तापलेला सायलेन्सर. श्वासवाटेचं योग्य झाकण नाना पेठेत मिळालं. आधी बदललेल्या पंपाच्या, कॉइलच्या किमतीपुढे ते जवळजवळ फुकट होतं. टाकी तेव्हापासून कितीदा तरी भरली, तो 'डब्ब' परत ऐकला नाही.

जुना पंप, कॉइल, कंडेन्सर, पॉइंट अशा सगळ्या धडधाकट वस्तू मी बिस्किटाच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवल्या होत्या. मागच्या महिन्यात शाळेतले एक सहकारी आले. त्यांचीही जुनी जीप, तीही भोर-महाड रस्त्यावर चढाला बंद पडते. कॉइल हवी म्हणाले. मी दिली. आठवड्याने शाळेत भेटले ते पेढे घेऊनच.

"सर, तुमच्या कॉइलने कमाल केली! घाटातच बदलली, लगेच सुरू!"

मी पेढा घेतला आणि विचारलं, "बसवायला किती वेळ लागला?"