मागच्या सीटवरचा पट्टा
(धावडा, ता. भोकरदन येथील बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर बोलायला बरेच वक्ते आहेत. मी मोटारीतल्या पट्ट्यावर बोलणार आहे. हसू नका. दवाखान्याला, लग्नाला, बैठकीला आता आपण मोटारीनेच जातो. पुढचे दोघे पोलिसाच्या भीतीने पट्टा बांधतात, मागचे मोकळेच बसतात.

गोपीनाथराव मुंडे आपल्या मराठवाड्याचे. केंद्रात मंत्री होऊन आठच दिवस झाले होते. ३ जून २०१४ रोजी सकाळी दिल्लीत विमानतळाकडे निघाले. मागे बसलेले, पट्टा नाही. दुसऱ्या गाडीने बाजूने धडक दिली आणि ते गेले. पट्टा असता तर वाचले असते, असे तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन नंतर म्हणाले. बाजूच्या धडकेत पट्टा किती कामाचा, यावर कोणी वाद घालील. मग ४ सप्टेंबर २०२२ चा पालघर जिल्ह्यातला चारोटीचा अपघात घ्या. गाडी पुलाच्या कठड्यावर समोरून आदळली. सायरस मिस्त्री आणि त्यांचे स्नेही मागे बिनपट्ट्याचे होते, दोघेही गेले. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण जगले. गाडी लाखो रुपयांची होती!

असे का होते? ताशी ६० च्या वेगातली गाडी अडते, आतला माणूस अडत नाही. तो त्याच वेगाने पुढे आदळतो. ४५ फूट खोल कोरड्या विहिरीत पडावे, तेवढा तो मार. कोरडी विहीर तुम्हाला समजावून सांगायला नको. शिवाय मागचा माणूस पोत्यासारखा पुढच्याच्या पाठीवर येतो.

मायबहिणी म्हणतात, लेकरू मांडीवर घट्ट धरलंय. अशा धडकेत दहा किलोचे लेकरू पावणेदोन क्विंटलच्या जोराने हातातून ओढले जाते. कोणाचे हात पुरतील?

२०१९ च्या कायद्याने दंड १००० रुपये आहे, मागच्यालाही. पण दंडाची गोष्ट सोडा. बहुतेक गाड्यांत मागे पट्टे असतात, सीटकव्हर घालताना त्यांचे खटके खाली दाबून टाकलेले असतात. ते वर काढा. खालचा पट्टा पोटावरून नको, कमरेच्या हाडावरून घ्या. गरोदर बाईने पोटाच्या खालून घ्यावा.

आता कोणी विचारील, भाड्याच्या जीपमध्ये दहा-बारा जण कोंबतात, तिथे पट्टे कुठले? बरोबर आहे. तिथे पट्ट्याचा उपाय चालत नाही, एस.टी.च्या फेऱ्याच वाढवून घ्याव्या लागतील. तो अर्ज लिहून आणला आहे. सह्या करूनच उठा.