प्रीमियम टाकू ना, दादा?

आज जरा खिशाचा विषय घेतोय. आणि सोबत एक कबुलीही द्यायची आहे, ती मधे येईलच.

तर सीन असा. रविवारची सकाळ, पंपावर रांग, माझा नंबर येतो. मी काच खाली करतो आणि तोंड उघडायच्या आधीच पंपावरचा पोरगा विचारतो, "दादा, प्रीमियम टाकू ना?" लक्ष द्या, तो "टाकू का" असं विचारत नाही. "टाकू ना" म्हणतो. सगळी गंमत त्या 'ना'मध्ये आहे. मागे हॉर्न वाजत असतात, आपण गडबडीत मान हलवतो आणि मीटर सुरू होतो. बरं, "साधं टाका" म्हणायचं तर उगाच वाटतं की आपण आपल्याच गाडीला शिळं खायला घालतोय.

पहिल्यांदा हिशोब करू. मी हे रेकॉर्ड करतोय तेव्हा माझ्या पंपावर साधं पेट्रोल १०४ रुपयांच्या आसपास आहे आणि ९५ ऑक्टेनवालं प्रीमियम १११ च्या आसपास. म्हणजे लिटरमागे सात रुपये जास्त. माझी गाडी साधारण १५ चा ॲव्हरेज देते, महिन्याला हजार किलोमीटर होतात. म्हणजे ६७ लिटर पेट्रोल आणि वरचे ४७० रुपये. वर्षाला साडेपाच हजारांच्या वर. एका सर्व्हिसिंगचे पैसे झाले की हे!

आता दुसऱ्या बाजूने बघा. सात रुपये म्हणजे पावणेसात टक्के. हे पैसे वसूल व्हायचे असतील तर १५ चा ॲव्हरेज १६ व्हायला हवा. नुसतं "गाडी स्मूथ वाटते" म्हणून भागणार नाही. पुढचं सगळं ऐकताना हा एक किलोमीटर डोक्यात ठेवा.

तर हे ऑक्टेन म्हणजे काय? बहुतेकांना वाटतं, ऑक्टेन म्हणजे ताकद. ९५ मध्ये ९१ पेक्षा जास्त दम. दमच, पण वेगळा दम. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची दम धरायची क्षमता.

लहानपणी सायकलच्या पंपाने हवा भरताना पंप गरम व्हायचा, आठवतंय? हवा दाबली की तापते. इंजिनमध्ये तेच होतं. पिस्टन पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबतो, ते तापतं, मग स्पार्क प्लग ठिणगी टाकतो आणि आग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. हे सगळं क्रमाने व्हायला हवं. पण मिश्रण फारच तापलं तर आग पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं पेट्रोल आपोआप भडकतं. पंगतीत "वदनि कवळ" व्हायच्या आधीच एखादा जेवायला सुरुवात करतो ना, तसं. या अवेळी भडक्याला नॉकिंग म्हणतात. चढावर, जास्त लोडवर पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो तो हाच. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल असं लवकर भडकत नाही. बस, एवढंच. म्हणून त्यात जास्त ऊर्जा असते असं मुळीच नाही.

मग ज्या इंजिनमध्ये दाब जास्त, म्हणजे टर्बो किंवा जास्त कॉम्प्रेशनवालं इंजिन, त्याला जास्त ऑक्टेनचा उपयोग होऊ शकतो. आणि इथे आमच्या धंद्यातला भाग येतो, सॉफ्टवेअर. आजकालच्या गाड्यांत इंजिनच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो. इंजिनला कान लावून बसलेला माइकच म्हणा. नॉकिंग ऐकू आलं की ईसीयू ठिणगीची वेळ थोडी मागे घेतो. मग हळूहळू पुन्हा पुढे आणून बघतो. परत नॉक झालं, परत मागे. ज्यांनी नेटवर्किंगचा पेपर दिलाय त्यांना टीसीपी आठवेल: पॅकेट पडलं की वेग एकदम कमी, मग जपून जपून वाढवायचा. सेम लॉजिक.

पण ईसीयूमध्ये कंपनीने एक कमाल मर्यादा लिहून ठेवलेली असते. ९१ वर चालायला बनवलेली गाडी ९१ वरच त्या मर्यादेपर्यंत पोचत असेल, तर ९५ टाकून ईसीयू करणार काय? तुमचा प्लॅन ४० एमबीपीएसचा असेल तर महागडा राउटर आणून १०० मिळत नाही.

हे मी पाठ केलेलं सांगत नाहीये, मोजून बघितलंय. सहा टाक्या साध्या, सहा टाक्या प्रीमियम. एकच पंप, दरवेळी नोझलने स्वतः कट मारेपर्यंत भरायचं आणि लिटर-किलोमीटर शीटमध्ये लिहायचे. डिस्प्लेवरच्या ॲव्हरेजवर विश्वास नाही ठेवला. निकाल: साध्यावर १५.१, प्रीमियमवर १५.३. आणि साध्याच्याच सहा टाक्यांमध्ये, ज्या आठवड्यात पाऊस आणि हिंजवडीचं ट्रॅफिक त्या आठवड्यात १४.२ आणि सुट्टीच्या आठवड्यात १६. म्हणजे पेट्रोलपेक्षा भूमकर चौकाचा परिणाम जास्त! माझा प्रयोग लहान आहे, मान्य. पण त्या एक किलोमीटरच्या जवळपासही काही आलं नाही.

मोठ्या प्रमाणावर हे अमेरिकेत झालंय. तिथल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१६ मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्या प्रीमियमवर तपासल्या. फायदा काही नाही. त्यांचा अंदाज असा की, गरज नसताना प्रीमियम टाकून अमेरिकन लोकांनी एका वर्षात दोन अब्ज डॉलरपेक्षा जास्त वाया घालवले. (तिथे पंपावर ८७ लिहिलेलं असतं, ते बघून आपण उगाच हसतो. मोजायची पद्धत वेगळी आहे, त्यांचं ८७ म्हणजे साधारण आपलं ९१.) पुढच्या वर्षी त्यांनी ज्या गाड्यांना कंपनी "प्रीमियम टाकलेलं बरं" असं सांगते त्या तपासल्या. तिथे फरक दिसला, पण ॲव्हरेजमध्ये सरासरी २.७ टक्के. आपल्याला हवेत पावणेसात.

आता ती कबुली.

२०२२ चा मे महिना. बाबांची २०११ ची हॅचबॅक. बाबांनी आयुष्यात घेतलेली पहिली गाडी, त्यामुळे तिचं कौतुक माझ्यापेक्षा जास्त. पुण्याहून साताऱ्याला चाललो होतो, बाबा चालवत होते. खंबाटकीचा घाट चढताना तो डब्यातल्या खड्यांचा आवाज सुरू झाला. बाबांनी विचारलं, "हे काय रे वाजतंय?" मी मोठ्या रुबाबात सांगितलं, "नॉकिंग आहे बाबा. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल टाका, जाईल." बीटेक ना मी!

आणि खरंच गेलं. पुढच्या टाकीपासून आवाज बंद. बाबा खूश. आल्यागेल्याला सांगायचे, "पोराने घरबसल्या गाडी दुरुस्त केली." वर्षभर बाबांनी पेन्शनमधून प्रीमियम भरलं.

२०२३ च्या जूनमध्ये बाबांचा फोन, गाडी शिरवळजवळ बंद पडली, मागून पांढरा धूर येतोय. आई सोबत होती. मी पोचेपर्यंत दोघं हायवेच्या कडेला छत्री धरून उभे. गॅरेजवाल्या काकांनी ऑइलची काडी बाहेर काढून दाखवली. ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा. हेड गॅस्केट गेलं होतं, इंजिनमधलं पाणी ऑइलमध्ये शिरलं होतं. बिल झालं अडतीस हजार.

काका म्हणाले, "रेडिएटर पार जाम आहे. कूलंटऐवजी पाणी कोण घालत होतं?" बाबा घालत होते. बोअरचं. त्या क्षाराने नळ्या बुजत गेल्या, इंजिन नेहमीपेक्षा गरम चालायला लागलं. तापमानाचा काटा या गाडीत नाही, फक्त लाल दिवा, आणि तो लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. मग काकांनी मला विचारलं, "घाटात आवाज येत नव्हता का हो आधी?"

येत होता. तो आवाज म्हणजेच इशारा होता. ११ वर्षं साध्या पेट्रोलवर गुपचूप चढणारी गाडी अचानक घाटात कुरकुरते, तर पेट्रोल तेच आहे, मग बदललं काय हा पहिला प्रश्न पडायला हवा होता. इंजिन तापत होतं म्हणून पेट्रोल अवेळी भडकत होतं. मी जास्त दम धरणारं पेट्रोल सुचवलं, आवाज थांबला, तापणं थांबलं नाही. ऑफिसमध्ये एखाद्या ज्युनिअरने एरर दिसू नये म्हणून रिकामा कॅच ब्लॉक टाकला तर मी रिव्ह्यूमध्ये त्याला झोडतो. बाबांच्या गाडीत मी स्वतः तेच केलं. बिल मीच भरलं, तो भाग वेगळा. आईने त्या दिवशी मला काही विचारलं नाही, ते जास्त लागलं.

म्हणून कोणी मला म्हणतं, "अरे, पण माझ्या गाडीत प्रीमियम टाकल्यावर खरंच फरक पडला," तेव्हा मी आता हसत नाही. पडला असेल. पण मग आधी गॅरेजला जा. कार्बन साठलाय का, प्लग कुठला बसवलाय, कूलंट किती आहे, सेन्सर ठीक आहे का, हे बघून घ्या.

दोन गोष्टी राहिल्या, त्या पटकन.

एक, ई-२०. पेट्रोलियम मंत्रालयानेच २०२५ मध्ये सांगितलंय की आपल्या साध्या पेट्रोलचं ऑक्टेन एकेकाळी ८८ होतं, मग ९१ झालं आणि २० टक्के इथेनॉलमुळे आता ९५ झालंय. इथेनॉलचं ऑक्टेन मुळातच जास्त असतं. आता गंमत बघा: साधंच ९५ असेल तर प्रीमियमच्या पाटीवरचे ९५ कशाचे? अर्थात इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडा पडतो, ती तक्रार खरी आहे. ऑक्टेन वाढलं आणि ॲव्हरेज घटला, म्हणजे ऑक्टेन आणि ताकद या वेगळ्या गोष्टी आहेत याचा पुरावा आपल्याच टाकीत आहे. काही लोक इथेनॉल नको म्हणून १०० ऑक्टेन टाकतात. ते डिसेंबर २०२० मध्ये आलं तेव्हाच दिल्लीत १६० रुपये लिटर होतं. पाच-सहा टक्के ॲव्हरेज वाचवायला दीडपट पैसे. ज्याची त्याची हौस.

दोन, ॲडिटिव्ह. हा प्रीमियमचा खरा फायदा. त्यात इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह साफ ठेवणारी रसायनं असतात, आणि ती काम करतात. मात्र तुमचं इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं असेल तर पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्हवरून वाहतच नाही. मग तिथला कार्बन ते धुणार कसं? इंजेक्टर तेवढे साफ राहतील. आणि फरकातले थोडे पैसे करात जातात, ब्रँडेड पेट्रोलवर अबकारी कर पूर्वीपासून जास्त आहे. जुलै २०१४ च्या बजेटमध्ये तो लिटरमागे साडेसात रुपयांवरून २ रुपये ३५ पैशांवर आणला होता. त्याआधी पंपांवर प्रीमियम इतकं कमी का दिसायचं, त्याचं एक कारण हे.

मग टाकायचं कोणी? पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा, आत स्टिकर असतो, नाहीतर मॅन्युअल काढा. काही जर्मन टर्बो गाड्यांवर ९५ लिहिलेलं असतं. तिथे जे लिहिलंय त्यापेक्षा खालचं टाकू नका, यात काटकसर नको. आणि तेवढं साध्यातच मिळत असेल तर साधं टाका. उरलेल्या ४७० रुपयांत निदान टायरमधली हवा वेळच्या वेळी बघा, ती बऱ्याच ठिकाणी फुकट आहे.

बाबांची गाडी अजून चालू आहे. मागच्या महिन्यात त्यांच्यासोबत पंपावर गेलो होतो. पोराने विचारलं, "काका, प्रीमियम टाकू ना?" बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी बाहेर बघितलं. "साधं टाक," बाबा म्हणाले, "आणि घाई नको करू, जरा बॉनेट उघडतो." मागे चार गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि बाबा निवांत कूलंटची बाटली उन्हात वाकवून पातळी बघत होते.

तुमच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरचा फोटो पाठवा, पुढच्या भागात वाचून दाखवतो. भेटू.