मुलूख कोणाचा?

नागरिकत्वाला धर्माची अट घातली की काय होते, हे परभणी जिल्ह्याने एकदा भोगले आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. तेथे इत्तेहादुल मुसलमीनने ‘अनल मलिक’ हा सिद्धान्त मांडला: सत्ता मुसलमान समाजाची, निजाम तिचे केवळ प्रतीक. म्हणजे उपाशी मुसलमान विणकरही कागदोपत्री सत्ताधीश आणि बहुसंख्य हिंदू रयत परकी! विणकराचे पोट त्या सत्तेने भरले नाही. मुसलमान जागीरदार आणि हिंदू देशमुख, दोघांच्याही जमिनी मात्र शाबूत राहिल्या. विलीनीकरणाची बाजू घेणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली. ते मुसलमानच होते.

पुढे संविधानाच्या पाचव्या अनुच्छेदाने अधिवास व जन्म पाहिला, धर्म विचारला नाही. २०१९च्या दुरुस्तीने तो विचारला. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या सहा धर्मीयांना सवलत, मुसलमान वगळले. येथल्या कोणाचे नागरिकत्व या कायद्याने गेलेले नाही, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु आसामच्या नोंदवहीतून २०१९ मध्ये एकोणीस लाखांवर माणसे वगळली गेली. तशी नोंदवही उद्या येथे आली, तर गंगाखेडच्या ऊसतोड कामगाराने जन्माचा दाखला कोठून आणावा? तो हिंदू असला, तरी आपण पाकिस्तानातून आलो असे खोटे सांगितल्यावाचून ही सवलत त्याच्या उपयोगाची नाही.