लहरींचे बळ मोजणारे शालेय उपकरण

(सुरत येथील मराठी माध्यमाच्या शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबे राहतात. त्यांच्या मुलखात, सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांत, २०२० साली शाळा बंद असताना मोबाइलच्या ‘रेंज’साठी मुलांना टेकड्या चढाव्या लागल्या. ‘रेंज नाही’ ही तक्रार सर्वत्र ऐकू येते; परंतु कोठे आणि किती कमी, हे क्वचितच सांगितले जाते. मोजमापावाचून तक्रारीला वजन येत नाही.

मोजमापाची ही सवय शाळेतील वाय-फायपासून लावता येईल. ईएसपी-३२ हा मायक्रोकंट्रोलर वाय-फायच्या लहरी ग्रहण करून त्यांचे बळ सांगतो. त्याला छोटा ओएलईडी पडदा चार तारांनी जोडावा: दोन वीजपुरवठ्याच्या आणि दोन माहितीच्या. संगणकावरून आज्ञावली भरली की पडद्यावर आकडा उमटतो.

हा आकडा डीबीएम या एककात असून ऋण असतो. उणे ५० उत्तम, उणे ७० कामापुरता. उणे ८५ च्या खाली भरवसा नाही. दर १० आकड्यांनी शक्ती दशांश होते. म्हणजे उणे ५० आणि उणे ८० यांत हजार पटींचा फरक आहे, हे विद्यार्थ्यांना अवश्य समजावून द्यावे.

२.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. त्यामुळे उपकरण वीतभर सरकले तरी आकडा बदलतो. प्रत्येक वर्गात पाच ठिकाणी वाचन घेऊन मधला आकडा नोंदवावा आणि शाळेचा नकाशा भरावा. भिंती, पत्रे व माणसांची गर्दी यांचा परिणाम त्यात स्पष्ट दिसेल. राउटर कोठे बसवावा, हे मग अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

एक मर्यादा ध्यानात ठेवावी. आकडा चांगला असूनही इंटरनेट चालत नसेल, तर दोष बहुधा लहरींत नसून राउटरमागील जोडणीत असतो. तसेच हे उपकरण मोबाइल मनोऱ्याच्या लहरी मोजत नाही. तो आकडा बहुतेक फोनांच्या सेटिंगमध्ये, सिमच्या माहितीत मिळतो. सुटीत गावी जाणाऱ्या मुलांनी दिनांक, वेळ, जागा व आकडा असा तक्ता करून आणावा.

‘रेंज नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘शाळेच्या ओट्यावर सात दिवस उणे ११५’ असा तक्ता ग्रामसभेच्या अर्जास जोडला, तर त्याची तपासणी करता येते आणि उत्तरही मागता येते.