वाईनच्या बागांची एक दिवसाची फेरी : काय बघाल, काय विचाराल?



नाशिक भागात वाईनचे कारखाने आणि बागा दाखवणाऱ्या सहली निघतात. शहरातली मंडळी मजेखातर जातात. आपणही जावं, पण बागायतदाराच्या नजरेनं. वाईनची द्राक्षं लावायचा विचार मनात असेल, तर लावणीच्या आधीच ही फेरी करा.

जानेवारी ते मार्च हे तोडणीचे दिवस. तेव्हाच जा, एरवी गेलात तर नुसत्या टाक्या दिसतील. सकाळी गंगापूर धरणाच्या बाजूला सुला किंवा यॉर्क, दुपारी निफाड तालुक्यात विंचूरचं वाईन पार्क. दिवसाला दोन ठिकाणं पुरे. आधी फोन करून वेळ आणि दर विचारून ठेवा.

वाटाड्या आधी बाग दाखवतो. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ ही पांढऱ्या वाईनची वाणं. शिराझ, कॅबर्ने लाल वाईनची. घड बघून नाक मुरडू नका. मणी बारीक, आत बी, आपल्या थॉम्सनपुढं अगदीच किरकोळ! पण इथं मणी फुगवायचा नसतो. विरळणीची मजुरीही वाचते. मात्र वेलीवर माल बेतानंच ठेवतात, कारण साखर आणि स्वाद हवा. साधारण 22 ते 24 ब्रिक्स भरली की तोडणी. साखर मोजायचं यंत्र मागून एक मणी स्वतः पिळून बघा.

मग कारखाना. रस मुळात पांढराच असतो, रंग असतो सालीत. म्हणून लाल वाईनचा रस सालीसकट आंबवतात, पांढऱ्याचा साल काढून. एका बाटलीला किलो-सव्वा किलो द्राक्ष लागतं. पुढं चव घ्यायला पेला देतील. घ्या, नका घेऊ, तुमची मर्जी. गाडी चालवणाऱ्यानं मात्र हात लावू नये.

आता खरी गोष्ट. 2001 साली राज्य शासनानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, कारखाने वाढले, लावणीही वाढली. 2008 नंतर मंदी आली, वाईनचा खप घटला. कारखान्यांनी माल उचलायचं कमी केलं आणि अनेकांनी उभ्या बागांवर कुऱ्हाड चालवली. कारण उघड आहे. खाण्याची द्राक्षं एका व्यापाऱ्यानं नाकारली तर दुसरा घेईल, नाहीतर बेदाणा करता येईल. वाईनच्या बियाळ मण्याला बाजारात कोण विचारतो?

तेव्हा वाटाड्याला नुसतं टाक्यांचं विचारत बसू नका. द्राक्ष खरेदी बघणाऱ्या माणसाची गाठ घालून द्या म्हणावं. करार किती वर्षांचा? भाव वजनावर की साखरेवर? वजन होताना आणि साखर मोजताना आपण हजर राहायचं का? तोडणीचा दिवस कोण ठरवणार, आणि कारखान्यानं तो लांबवून घट आली तर ती कुणाच्या माथी? पैसे किती दिवसांत? करार मिळाला तर घरी आणून जाणत्याकडून वाचून घ्या. सही तिथल्या तिथं नको.

जमलं तर कारखान्याला माल घालणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याच्या बांधावर तासभर थांबा. मागच्या हंगामाची पट्टी दाखवा म्हणा. आणि येताना हौसेनं पिशवीत काड्या खुपसून आणू नका बरं का! काडीबरोबर रोगही येतो. रोपं खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्या.