विजेची मागणी आणि वेळेचे भान
(ग्वाल्हेर येथील किला गेट परिसरात मराठी भाषकांसमोर दिलेले भाषण)



समोरच्या या किल्ल्यावर सूरजकुंडासारखे जलाशय आहेत. पाणी साठविता येते, म्हणून ते गरजेनुसार वापरता येते. विजेची साठवण मात्र अद्याप खर्चिक असल्याने बहुतांशी मागणीच्याच क्षणी निर्मिती करावी लागते.

वीजबाजारात दिवसाचे पंधरा मिनिटांचे 96 भाग मानले जातात व प्रत्येक भागाचा दर निराळा ठरतो. भर दुपारी सौरऊर्जा मुबलक असते, तेव्हा वीज स्वस्त मिळते. दिवेलागणीनंतर तीच महागते. म्हणून पिठाची गिरणी, पाण्याचा पंप यांसारखी पुढेमागे करता येणारी कामे दुपारी उरकणे सर्वांच्याच हिताचे आहे. केंद्र शासनाच्या 2023 च्या सुधारित नियमांतही सौर तासांचा दर नेहमीच्या दरापेक्षा किमान 20 टक्के कमी असावा, अशी तरतूद आहे.

महाराष्ट्रात 2017 पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने शेतीपंपांसाठी हाच मार्ग पत्करला. रात्री अंधारात, विंचूकाट्यांतून पिकाला पाणी देण्यास जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळाली, तर त्याचा धोकाही टळतो आणि रात्रीचा भारही हलका होतो.

तथापि, संध्याकाळचा स्वयंपाक किंवा मुलांचा अभ्यास दुपारवर ढकलता येत नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी वेळ बदलावी आणि त्याचा लाभ त्यांना मिळावा. परंतु ज्यांना ते अशक्य आहे त्यांच्यावर महागड्या दराचा बोजा पडू नये. या धोरणाची खरी कसोटी हीच होय.