परिसेविका नोकरी का सोडू पाहतात?



रुग्णसेवेविषयी बोलताना आपण डॉक्टरांचे व परिचारिकांचे आभार मानतो. परंतु दोहोंच्या मध्ये उभी असलेली परिसेविका, जिला आपण 'इनचार्ज सिस्टर' म्हणतो, ती नजरेतून सुटते. दीर्घ सेवेनंतर या पदावर पोहोचलेल्या कित्येक भगिनींच्या मनात नोकरी, क्वचित हा व्यवसायच, सोडण्याचा विचार का घोळतो, याविषयी चार शब्द बोलतो.

मी कापडाचा व्यापारी. तेव्हा आधी हिशेब. २०१६ पासून लागू झालेल्या केंद्राच्या सातव्या वेतन आयोगात स्टाफ नर्सचे आरंभीचे मूळ वेतन ४४,९०० रुपये ठरले आणि तिच्या वरच्या नर्सिंग सिस्टरचे ४७,६००. फरक अवघा २,७०० रुपयांचा! त्यात ड्युट्यांचे वेळापत्रक, औषधांचा साठा, चादरींची मोजदाद आणि नातेवाइकांचा रोष, सारे आले. खासगी क्षेत्राविषयी काय सांगावे? पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीला करावी लागली.

तरीही पैसा हे मुख्य कारण असावे, असे मला वाटत नाही. दुकानातील मुख्य गुमास्त्याला निदान खराब माल परत पाठविता येतो. परिसेविकेला एक माणूसही नेमता येत नाही. सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका, हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष; पण हात कमी पडले की जाब तिलाच. मे २०२२ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिकांनी बाह्य संस्थांमार्फत होणाऱ्या कंत्राटी भरतीविरुद्ध संप केला होता. माणसे वारंवार बदलली, तर प्रत्येक नवागतेला शिकविण्याचा भार परिसेविकेवरच पडतो.

शिवाय, रुग्णाच्या उशाशी उभे राहण्यासाठी जिने शिक्षण घेतले, तिचा दिवस नोंदवह्यांत सरतो. मन तुटते ते येथे.

आपल्या आटगाव-खर्डी पट्ट्यातील बाळंतपणे, सर्पदंश, महामार्गावरील अपघात शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे धाव घेतात. अनुभवी परिसेविका गेली, की कोणत्या रुग्णाला तातडीने ठाण्यास हलवावे लागेल, हे पाहताक्षणी ओळखणारी नजरही जाते.

आपण खाटा देतो, यंत्रे देतो. त्यांवर नावाची पाटी लागते. नोंदवह्यांसाठी लेखनिकाचा पगार दिला, तर पाटी कोठे लावावी, हा प्रश्नच आहे! तरी विश्वस्तांनी वैद्यकीय अधीक्षकांना भेटून असे करता येईल काय, हे विचारावे, ही माझी सूचना. पहिल्या वर्षाच्या पगारातील माझा वाटा मी येथेच जाहीर करतो.